घरचा हात

पोह्यांवर लिंबू पिळता पिळता अवनीने विचारलं, "आई, या दसऱ्याला घरचा हात तू होशील ना?" आणि माझ्या हातातला कप बशीवर वाजला. फार नाही, सैल तावदान वाऱ्याने वाजतं तेवढाच. मी कप खाली ठेवला, ओढणीला हात पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बाबांना विचार की. त्यांचा हात कसा आहे बघ. सुईत दोरा ओवायला मी अजून त्यांनाच हाक मारते." श्याम पेपरमागून म्हणाला, "आपण तयार आहोत बुवा." "बाबा डोळे मिटतात," अवनी म्हणाली, "इंजेक्शन मला असते अन् डोळे हे मिटून बसतात. घरच्या हातानं डोळे मिटले की संपलं." आखाड्यात जायला लागल्यापासून तिच्या बोलण्यात ही अशी वऱ्हाडी लकब शिरली आहे, माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी "होईन की" म्हणाले. इतकी वर्षं कोर्टात साक्षीदारांना बजावत आले आहे, की प्रश्न नीट कळल्याशिवाय हो म्हणू नका; आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र प्रश्न पुरता डोक्यात शिरायच्या आत हो म्हणून मोकळी झाले. अवनीने मान हलवली, जणू हे ठरलेलंच होतं, आणि ताटली विसळून कॉलेजला निघून गेली.

घरचा हात म्हणजे काय ते सांगायला हवं. अमरावतीच्या अंबागेटच्या आत, जुन्या परकोटाच्या भिंतीला पाठ टेकून खुशालरावांचा आखाडा आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला हा माणूस रोज संध्याकाळी तिथे मुलामुलींना लाठी शिकवतो, मग ढाल-काठीचा फरीगदका, आणि जे टिकतात त्यांना दांडपट्टा. दांडपट्ट्याचं पातं लांब, दुधारी आणि लवचीक असतं. त्याची मूठ एका लोखंडी खोबळ्याच्या आत असते आणि तो खोबळा कोपरापर्यंतचा हात गिळून टाकतो. त्यामुळे मनगट वळत नाही. पट्टा फिरतो तो खांद्याने, कमरेने, खरं तर पायाच्या अंगठ्यापासून. आणि एकदा सुटलेला पट्टा जागच्या जागी थांबवता येत नाही, फार तर वळवता येतो. दर दसऱ्याला आखाड्याची मुलं मैदानावर खेळ करून दाखवतात, आणि ज्याचं शिक्षण त्या वर्षी पुरं झालं तो माणसाच्या उघड्या तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापतो. वरची फोड उडाली पाहिजे, खालची हातावर राहिली पाहिजे. पहिल्या लिंबाला परक्याचा हात चालत नाही. आई, बाप, भाऊ, आत्या, कुणीही चालेल, पण घरचं माणूस हवं. घरचं कुणी उभं राहिलं नाही तर त्या मुलाचं लिंबू त्या वर्षी राहिलं. पुढच्या जूनमध्ये अवनी पुण्याला शिकायला जाणार, आणि वर्षभराचा रोजचा सराव असल्याशिवाय खुशालराव कुणाला लिंबासमोर उभं करत नाहीत. म्हणजे हा दसरा, नाहीतर कधीच नाही. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी तिला माहीत नव्हती, असं मी तेव्हा धरून चालले होते. माझा उजवा हात कापतो.

आजार म्हणावा असं काही नाही. डॉक्टरांना दाखवून झालं आहे. ते म्हणाले, असतं काही जणांना, जीवाला धोका नाही. जीवाला धोका नाही हे खरं, पण जीव जायची पाळी येते. एकटी असेन तर हात शांत असतो. चार डोळे माझ्याकडे लागले आणि हात अधांतरी धरायची वेळ आली, की पंजा हलायला लागतो. पहिल्यांदा झालं ते अकोल्याला, शाळेत, वक्तृत्व स्पर्धेत. हातातला कागद फडफडायला लागला आणि माईकने तो आवाज उचलून सगळ्या हॉलभर केला. पुढच्या रांगेतल्या मुली आधी एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या. मी भाषण पुरं केलं, दुसरा नंबरही आला. घरी जाताना माझे वडील, वसंत वकील म्हणून अकोल्याच्या कोर्टात सगळे त्यांना ओळखायचे, एवढंच म्हणाले, "यापुढे कागद धरत जाऊ नकोस. पाठ करत जा." ते नेहमी दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचे, जठारपेठेतल्या घरापासून कोर्टापर्यंत, आणि लोक म्हणायचे, काय रुबाब आहे वकीलसाहेबांचा. बाबांचा हात कापायचा का, मला माहीत नाही. मी त्यांचा मोकळा हात कधी पाहिलाच नाही. मी मात्र कागद पाठ करत गेले आणि वकील झाले, अमरावतीला सून होऊन आले, आणि हात लपवायची माझी अशी एक विद्या तयार केली: फाइल पोटाशी दाबून धरायची, कोपर बरगडीत रोवायचं, श्वास अर्ध्यावर अडवायचा. मग हात लाकडासारखा होतो. हळदीकुंकवाला वाटी डाव्या हातात, लग्नात अक्षता डाव्या हाताने. कोर्टातले लोक मला करारी बाई म्हणतात. श्यामला माहीत असावं. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, आणि आमचा संसार अशा न विचारलेल्या बऱ्याच गोष्टींवर ठीक चालला आहे.

तेव्हा मी सरावाला लागले. घर रिकामं झालं की ओट्यापाशी उभी राहून तळहातावर लिंबू ठेवायचे, हात पुढे करायचा, आणि समोर माणसं आहेत अशी कल्पना करायची. कल्पनेतल्या माणसांनाही हात लगेच ओळखायचा. लिंबू आधी थरथरायचं, मग घरंगळायचं, मग फ्रिजखाली जायचं. मग मी कोपर बरगडीत रोवायचे, खांदा आवळायचा, दात आवळायचे, श्वास अडवायचा, आणि लिंबू जागेवर बसायचं. जमतंय, असं वाटायचं. त्या दिवसांत आमच्याकडे रोज सरबत व्हायचं आणि श्याम म्हणायचा, "नवरात्राचा उपास तुझा की लिंबांचा?" पण खरा सराव हाताचा नव्हताच, डोक्याचा होता. ज्या बाळाच्या मुठीतून माझं बोट सोडवायला नर्सला दोन्ही हात लागले होते, त्या मुठीत आता पातं होतं आणि ते पातं माझ्या बोटांवरून जाणार होतं. ही दोन चित्रं एका डोक्यात मावत नव्हती. कोर्टात उलटतपासणी चालू असायची आणि माझं लक्ष टेबलावरच्या माझ्याच पंजाकडे जायचं. मला वाटायचं, सांगून टाकावं तिला. बाई गं, तुझी आई करारीबिरारी काही नाही, तिचा हात चाळणीसारखा हलतो, तू मावशीला बोलाव. आणि मग वाटायचं, हिच्यासमोर तरी झाकलेलं राहू दे. सगळ्या जगात एक माणूस असं असू दे, ज्याला माझा हात घट्ट वाटतो.

नवरात्रात एका संध्याकाळी मी न सांगता आखाड्यात गेले. इतकी वर्षं मी तिला गेटपाशी सोडून स्कूटर वळवत आले होते; आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर अंबादेवीच्या यात्रेची गर्दी, भोंगे, पाळण्यांचे दिवे, आणि दारातून आत गेलं की एकदम मातीचा वास. लाल माती, तिच्यात ताक, हळद, तेल मुरलेलं. पायाखाली ती इतकी मऊ की मला चपला काढल्यावर पहिल्यांदा लाजल्यासारखं झालं. भिंतीला लाठ्या टेकलेल्या. मारुतीसमोर एकच दिवा. पंधरावीस मुलं-मुली होती, त्यात आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांचा मुलगा होता, भाजीवाल्या शकुनचा कुलदीप होता, आणि नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीने येणारी रागिणी होती, अवनीची जोडीदारीण. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि मध्यभागी अवनी पट्टा फिरवत होती. मी तिला ओळखलं ते कपड्यांवरून. पातं दिसत नव्हतंच, तिच्याभोवती नुसता एक आवाज होता, रेशमी कापड एकाच दमात फाडत जावं तसा, न संपणारा. आणि त्या आवाजाच्या आत ती इतकी निवांत होती, की मला कळेना हिला एवढी शांत जागा कुठे सापडली. घरात दारं आपटणारी, मोबाइलवरून मान न उचलणारी, डबा विसरणारी माझी मुलगी. तिचे पाय मातीवर टेकत होते तेव्हा मातीला विचारून टेकल्यासारखे टेकत होते. मी खांबाला धरून उभी राहिले. देवळात इतक्यांदा हात जोडले आहेत, पण हात जोडणं आणि हात आपोआप जुळणं यातला फरक त्या दिवशी कळला. माझ्या पोटातून हे आलं, असं मनाशी म्हणून पाहिलं. ते खरं वाटेना, खोटंही वाटेना.

शकुन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मागच्या दसऱ्याला कुलदीपच्या लिंबाला तिने हात दिला होता. "मॅडम, यंदा तुमी म्हणे," ती म्हणाली. मी विचारलं, भीती वाटली होती का. "भेव? अवो बाप्पा! तोंडानं देवाचं नाव घेऊन राहिली होती अन् मनातून पोट्ट्याले शिव्या देऊन राहिली होती. अन् एकदा का कापलं ना, तं मले वाटलं आता आनखी एक ठेवा." ती इतकी मोठ्याने हसली की खुशालरावांनी मान वळवून पाहिलं. खेळ थांबल्यावर ते आमच्याकडे आले. वाळकं, उंच अंग, डोळे खाली. मी त्यांना विचारलं, घरचाच हात का? तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने का नको धरायला? "माह्या हातावर कोनीबी कापते, ताई. मी हललो तं त्याईले काई वाटत नाई. घरचं मानूस उभं राह्यलं की पट्टा जड होते. तो जड पट्टा उचलता आला पाह्यजे." मग म्हणाले, "अन् घरच्याईनबी पाहा लागते ना, आपलं लेकरू काय झालं ते. दुरून दिसत नाई. पात्याखाली दिसते." मी त्यांना माझ्या हाताचं सांगणार होते. तोंडावर आलं होतं. पण अवनी घाम पुसत आमच्याकडे येत होती, आणि मी पर्समध्ये हात घालून किल्ली शोधायला लागले.

दसऱ्याच्या दिवशी मैदानावर निम्मं अमरावती लोटलं होतं असं मला वाटलं. प्रत्यक्षात नेहमीएवढीच माणसं असतील. आपट्याची पानं घेऊन आलेली कुटुंबं, खांद्यावर पोरं, वर धरलेले मोबाइल. पहिल्या रांगेत आमच्या बारमधले चारपाच वकील बायकांसह बसले होते, आणि त्यांच्या मधोमध श्याम, अजून काहीच सुरू झालेलं नसताना डोळे बारीक करून. लाठी झाली, फरीगदका झाला, रागिणीने दोन लाठ्या अशा फिरवल्या की म्हाताऱ्या बायकांनी बोटं मोडली. मग खुशालरावांनी माझं नाव पुकारलं. अवनीची आई चारुशीलाताई. मातीवर चुन्याची एक फुली होती, तिच्यावर मी उभी राहिले. त्यांनी माझा उजवा हात धरून खांद्याच्या उंचीला आणला, बोटं सरळ केली, अंगठा आत मुडपला आणि तळहातावर लिंबू ठेवलं. "डोये उघडे ठेवजा," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. मी कोपर बरगडीकडे ओढलं, पण लांब केलेल्या हाताचं कोपर बरगडीला पोचत नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. इतक्या सरावात ही साधी गोष्ट सुचली नव्हती! ओट्यापाशी मी हात आखडूनच धरत होते. आता आधाराला काही नव्हतं. मी खांदा आवळला, मान आवळली, पोट आवळलं, दात आवळले, श्वास बंद केला. हात लाकूड झाला. लिंबू हललं नाही. समोर अवनीने खोबळ्यात हात घातला, पट्टा कपाळाला लावला आणि मातीला लावला, आणि चालायला लागली.

ती सरळ आली नाही. माझ्याभोवती फिरत आली, आणि तिच्याबरोबर तो आवाज. मागून गेला तेव्हा मानेवरचे केस उडाले. डावीकडून गेला तेव्हा वारा गालाला लागला. मैदान गेलं, माणसं गेली, एक मोठा वर्तुळाकार वारा राहिला आणि त्याच्या मध्ये मी. भीती वाटत होती, नाही कशी? पण भीतीच्याही वर काहीतरी होतं. लहानपणी एकदा बाबांनी चिखलदऱ्याला दरीच्या कडेशी उभं केलं होतं आणि खालून ढग वर आले होते, तेव्हा मी त्यांचा हात धरायला गेले होते आणि तो पाठीमागे बांधलेला होता. तसं काहीतरी, एकटं आणि प्रचंड. पात्याची चकाकी लिंबाच्या रेषेत आली. मी डोळे ताणून उघडे ठेवले. आणि पातं लिंबाच्या वरून गेलं. बोटभर वरून. लिंबू तसंच होतं. अवनी चार पावलं पुढे जाऊन पट्टा खाली घेऊन उभी राहिली, पाठमोरी. मैदानातून एक लांब 'अरेरे' उठला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी पाहिलं, खुशालराव जागचे हलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती, उलट पोरीने नेमकं केलं असं काहीतरी होतं. मला वाटलं, चुकली. माझ्या पोरीचं चुकलं, आणि ते माझ्यामुळे.

ती वळून माझ्याजवळ आली. कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता. "आई," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू यावं, "हा तुझा हात नाही." मला कळेना. "काय?" "तू हात आवळून ठेवला. मंधातच झटका मारते तो असा. कधी मारन सांगता येत नाही. मला तुझा रोजचा हात पाहिजे. कापतो तो." मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे कीव नव्हती, थट्टा नव्हती. अभ्यासाचा प्रश्न विचारावा तशी ती सरळ विचारत होती. म्हणजे हिला माहीत होतं. कप वाजला तेव्हाही माहीत होतं, त्याच्या आधीही, कोण जाणे कधीपासून. फाइल, वाटी, डाव्या हातातल्या अक्षता, सगळं. "सगळे बघतायत, अवनी," मी म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, कोर्टात भलेभले जिच्यासमोर अडखळतात, ती मुलीला हे सांगत होती. "बघू दे ना," ती म्हणाली. "मला दिसला पाहिजे. दिसला तरच जमते." आणि ती परत मागे गेली.

श्वास सोडायचा म्हटलं तरी सुटेना. इतक्या वर्षांचा अडवलेला श्वास, तो असा मैदानात, कोर्टातल्या माणसांच्या देखत सोडायचा. मी आधी दात सोडले. मग मान. मग खांदा खाली उतरला, आणि त्याच्याबरोबर एक मोठा उसासा बाहेर पडला, लाज वाटावी इतका मोठा. आणि हात सुरू झाला. आधी बोटांची टोकं, मग पंजा, मग मनगट. लिंबू तळहातावर डुलायला लागलं. पहिल्या रांगेतल्या एका वकीलसाहेबांच्या बायकोने नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. मोबाइल वर धरलेलेच होते. अकोल्याच्या त्या हॉलपासून मी जे पळत आले होते, ते पळणं बहुधा इथे येऊन संपलं, कारण पुढे जायला जागाच नव्हती. आणि मग मी स्वतः पहिल्यांदा माझ्या हाताकडे नीट बघितलं. तो वेडावाकडा हलत नव्हता. खाली, वर, खाली, वर. त्याची एक चाल होती. इतकी वर्षं मी त्याला दाबत आले, झाकत आले, पण त्याची चाल कधी पाहिली नव्हती. अवनी समोर उभी राहून ती पाहत होती. दोन मुली दोरी फिरवत असतात तेव्हा तिसरी आत शिरण्याआधी दोरीबरोबर मान हलवत थांबते ना, तशी ती थांबली होती, अगदी बारीक मान हलवत. तिला घाई नव्हती. मग ती आत शिरली.

पातं मला दिसलंच नाही. एक गार रेघ तळहातावरून गेली. लिंबाची वरची फोड कुठे उडाली कळलं नाही. खालची माझ्या हातावर होती, ओली, तिच्या पाकळ्यांच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. नाव पुकारलं जाईपर्यंत मूठ आवळून बसल्याने माझीच नखं तळहातात रुतली होती, तिथे रस चुरचुरला, तेव्हा मला खरं वाटलं. मग आवाज आला. ढोल, टाळ्या, शकुनची किंकाळी. श्याम उभा राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होता, म्हणजे त्याने ते उघडे ठेवले होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त, मला नमस्कार करावासा वाटत होता, कुणाला ते ठरत नव्हतं. खुशालराव आले, माझ्या हातातली फोड त्यांनी उचलून कपाळाला लावली आणि मारुतीसाठी बाजूला ठेवली. "लय झाक," एवढंच म्हणाले, आणि ते मला म्हणाले की तिला, कळलं नाही.

अवनीने खोबळ्यातून हात बाहेर काढला. कोपरापर्यंत लाल वळ उठले होते. तिने माझा तळहात आपल्या हातावर घेतला आणि कुठे लागलं का म्हणून वाकून बघायला लागली. दोन्ही हात थरथरत होते. मला वाटलं, माझ्याच हातामुळे तिचाही हलतो आहे. मी हात उचलून घेतला. माझा थांबला होता. तिचा हलत होता, तसाच पुढे धरलेला, खाली, वर, खाली, वर, माझ्याच चालीने. "कधीपासून?" मी विचारलं. "आठवीपासून." आठवीतच तिने हट्ट धरून आखाड्यात नाव घातलं होतं आणि मी मैत्रिणींना सांगत होते, पोरीला वेड लागलंय. "पट्टा फिरत असला की नसते. थांबला की येते," ती म्हणाली. "मला सांगितलं नाहीस." "तू कुठं सांगितलं?" ती म्हणाली, आणि हसली. साक्षीदार असते तर मी स्वतःला तिथेच खाली बसवलं असतं.

तेवढ्यात रागिणी पाणी घेऊन आली. तिने अवनीच्या हातात स्टीलचा गिलास दिला. सवयीने मी आत पाहिलं आणि रागिणीला म्हणाले, "अगं, अर्धाच का? तहानली असेल ती." रागिणीला माझा प्रश्नच कळला नाही. "तिले अर्धाच देतो ना आमी काकू, पह्यलेपासून. भरून देला तं सांडते. दोनदा देतो." आखाड्यात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांच्या मुलाला, कुलदीपला, आखाड्याच्या मातीत ताक मिसळणाऱ्या माणिकबाईला, सगळ्यांना. आणि कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. घरी मी इतकी वर्षं तिला काठोकाठ भरून देत होते, आणि ती मान खाली घालून ओट्यावर ठेवलेल्या गिलासालाच तोंड लावायची, आणि मी ओरडायचे, हातात घेऊन नीट पी. मी मैदानाकडे पाहिलं. लोक पानं घेऊन आमच्याकडे यायला लागले होते, वकीलसाहेब, त्यांच्या बायका, ओळखीचे, अनोळखी. हात परत सुरू झाला. रागिणी माझ्याकडे बघत होती, माझ्या चेहऱ्याकडे नाही, पंजाकडे, जसं आपण समोरच्याचं माप घेतो तसं. मग ती माठाकडे गेली आणि माझ्यासाठी एक गिलास घेऊन आली. अर्धा. मी तो उजव्या हाताने घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्याने प्यायले. मग तिने परत अर्धा भरून आणून दिला.